उसाची ट्रॉली आणि पॉग लेकचा रिव्हर्स

एप्रिलमध्ये एका सकाळी सात वाजता लॅपटॉप उघडून बसले होते. कॅनडातल्या ऑन्टारिओच्या प्रांतिक उद्यानांत मुक्कामाच्या जागांचं बुकिंग पाच महिने आधी सुरू होतं, आणि त्यातल्या अल्गॉन्क्विन उद्यानात मेपलची पानं लाल होतात त्या सप्टेंबरअखेरच्या शनिवार-रविवारसाठी नुसती झुंबड उडते. तिथल्या पॉग लेक कॅम्पग्राउंडला ट्रेलर उभा करायला विजेची सोय असलेली एक जागा मिळाली. ती रस्त्याच्या उजव्या हाताला आहे हे नकाशात दिसत होतं. त्याचा अर्थ मात्र तिथे पोचल्यावर कळला.

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, भाड्याचा, वीस फुटी. ऑन्टारिओत ४,६०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायला नेहमीची गाडी चालवायचं साधं जी लायसन्स चालतं, म्हणजे कागदोपत्री मी पात्र होते. साखळ्या फुलीसारख्या अडकवल्या, दिव्यांची वायर जोडली, नवऱ्याने मागे उभं राहून ब्रेकलाइट तपासला आणि मिसिसॉगाहून निघालो. हंट्सविलपर्यंत काही त्रास नाही. पुढे ६० नंबरचा हायवे उद्यानातून ५६ किलोमीटर जातो. वेस्ट गेटपासून किलोमीटरच्या पाट्या मोजत पॉग लेकला वळलो. आई-अण्णा मागच्या सीटवर. सांगलीहून येऊन त्यांना तीनच आठवडे झाले होते.

आणि मग शेवटचे पन्नास फूट.

आतला रस्ता एकेरी, दोन्ही बाजूंनी पाइन. ट्रेलर उलटा ढकलत जागेत घालायचा. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्यामुळे जागा डाव्या हाताला असली तर खिडकीतून मान काढून ट्रेलरचं मागचं टोक दिसतं. उजवीकडे असली की दिसतो फक्त आरसा, आणि ट्रेलर जरा वळला की आरशातूनही गायब. बुकिंग करताना एवढं एक बघा, बाकी कुठलीही जागा घ्या.

नवरा मागे उभा राहून ओरडत होता, "डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे?"

तीन वेळा ट्रेलर मुडपला, म्हणजे जोडापाशी गाडीकडे दुमडला. समोरच्या जागेतल्या जोडप्याने खुर्च्या आमच्याकडे वळवून घेतल्या. चौथ्यांदा अण्णा दार उघडून उतरले आणि माझ्या खिडकीशी आले. त्यांनी पंचवीस हंगाम कारखान्याला ऊस घातलाय. ट्रॅक्टरमागे ट्रॉली लावून अंधारात वजनकाट्यावर जायचं आणि बांधावरून मागं यायचं, हे त्यांचं रोजचं.

"हात वर नको, स्टिअरिंगच्या खाली धर," म्हणाले. "ट्रॉलीचं शेपूट जिकडं न्यायचंय, तिकडं हात न्यायचा. वरनं धरलंस की उलटं होतंय, मग डोकं फिरतंय."

"आणि मुडपायला लागली की?"

"ओढू नको. पुढं घे, सरळ कर, परत मागं. एवढी घाई कशाची? कारखाना बंद होतोय व्हय?"

दोनदा पुढे घेतलं आणि तिसऱ्यांदा ट्रेलर जागेत. समोरच्या जोडप्याने टाळ्या वाजवल्या. अण्णांनी त्यांना हात केला, आमदारासारखा. नवऱ्याला त्या संध्याकाळी फारसं बोलायचं नव्हतं.

एक चूक मात्र माझी. गाडी सोडवण्याआधी डाव्या-उजव्या चाकांची पातळी बघायची असते. मी आधी ट्रेलर सोडवला, मग आईने ओट्यावर ठेवलेला कांदा घरंगळत गेला. आमच्या ट्रेलरमधल्या गॅसवरच्या फ्रीजला तर तिरकं उभं राहिलेलं चालतच नाही. परत जोडला, उजव्या चाकाखाली फळ्या घातल्या, परत सोडवला. पुढची-मागची पातळी जॅकने होते, ती सोपी.

विजेचं गणित दुसऱ्या सकाळी शिकलो. जोडणी ३० अँपिअरची, म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. हीटर, किटली आणि इंडक्शन एकदम लावलं आणि चहाच्या आधीच अंधार. त्याआधी रात्री आईच्या लसणीच्या फोडणीने धुराचा अलार्म वाजला होताच. अस्वलांमुळे बाहेर काही ठेवायचं नाही, अगदी टूथपेस्टसुद्धा नाही, असं गेटवर बजावलं होतं. शेंगदाण्याची चटणी रात्रभर कुलपात होती.

जागेवर नळ किंवा गटाराची जोडणी नसते, त्यामुळे जाताना टाक्या रिकाम्या करायला उपसा केंद्रावर थांबावं लागतं. हातमोजे घालून पाइप लावायचा. आधी संडासाची टाकी सोडायची, मग मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. हे काम नवऱ्याने मागून घेतलं.

पुढे सहा गाड्यांची रांग. अण्णा उतरून सगळी जागा बघून आले. गाड्या एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर.

"हितं मागं घ्यायचंच नाही?" त्यांनी विचारलं, आणि जरा नाराज होऊन परत गाडीत बसले.