सुदानचं 2023

आज पुण्यात शिकणाऱ्या एका सुदानी मुलाशी बराच वेळ बोललो. 15 एप्रिल 2023, ऐन रमजानचे दिवस. राजधानी खार्तूममध्ये जनरल बुरहानचं सरकारी लष्कर आणि दगालोचं निमलष्करी दल आरएसएफ एकमेकांवर तुटून पडले. 2021 मध्ये याच दोघांनी मिळून सत्ता बळकावली होती! त्याच्या घरचे जीव मुठीत धरून वाद मदनी शहरात गेले. डिसेंबरात तेही शहर आरएसएफच्या हाती पडलं. पुन्हा गाठोडी, पुन्हा रस्ता.

2019 मध्ये हुकूमशहा बशीरची राजवट हटवायला हीच साधी माणसं रस्त्यावर उतरली होती. त्यांच्या वाट्याला हे यावं, याचा मला मनापासून संताप येतो. आपल्याकडे ‘ऑपरेशन कावेरी’तून भारतीय परतले आणि सुदान बातम्यांतून जवळजवळ गायबच झालं. मित्रांनो, या युद्धात होरपळलेल्या पश्चिम सुदानमधल्या दारफूरबद्दल वाचा, बोला.