डोसिंग पंप, नोंद तिसरी: नळीचा घोळ

मागच्या नोंदीत थाटात लिहिलं होतं की माशांच्या टँकमधल्या झाडांना रोज खत घालायची कटकट संपली, आता डोसिंग पंप ते ठरल्या मापात सोडतो. परवा सकाळी बघतो तर खताची ३०० मिलीची बाटली रिकामी, आणि सगळे टेट्रा मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडं उघडून. निम्मं पाणी बदललं, संध्याकाळी पुन्हा निम्मं. इंदूरला नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे आदल्या दिवशी भरलेल्या बादल्या घरात असतातच. त्या कामी आल्या. मासे वाचले.

झालं असं. हा पंप पेरिस्टाल्टिक, म्हणजे फिरते रोलर नळी दाबत द्रव पुढे ढकलतात. त्याची मूळ सिलिकॉनची नळी, आत ३ मिमी आणि बाहेर ५ मिमी, रोलर जिथे पहिल्यांदा दाबतो तिथेच चिरली. सियागंज बाजारातून तशीच दिसणारी नळी आणली. "सब एक ही है, भिया," दुकानदार म्हणाला, मीही मान डोलावली. बसवून मोजलं तर १० सेकंदांत मूळ नळीचे ८.२ मिली यायचे, हिचे ६.९ आले. मी काय केलं? कोडमध्ये सेकंद वाढवले.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. रोलर आणि पंपाची भिंत यांच्यातली फट नळीच्या दोन भिंतींच्या जाडीपेक्षा जराशी कमी असावी लागते, तेव्हाच नळी पुरती मिटते. माझ्या पंपात फट साधारण १.७ मिमी. मूळ नळीच्या दोन भिंती मिळून २ मिमी. नव्या नळीला कॅलिपर लावला तर बाहेरून ४.६, आतून तेच ३, म्हणजे दोन भिंती १.६. केसभर वाट उघडी राहिली. पंप चालू असताना थोडं मागे गळायचं, म्हणून माप कमी. बंद झाल्यावरही वाट उघडीच, त्यात बाटली वरच्या फळीवर, नळीचं टोक पाण्याखाली. सायफन, म्हणजे द्रवाचं आपोआप खाली वाहणं, सुरू व्हायला आणखी काय हवं? पेरिस्टाल्टिक पंप थांबला की आपोआप व्हॉल्व्हचं काम करतो हे खरं, पण नळी मिटत असेल तरच.

आता बाटली टँकच्या खाली ठेवली आहे आणि नळीचं टोक पाण्याच्या दोन बोटं वर. आईला हे सगळं माशांना सलाईन लावल्यासारखं दिसतं.

नळीसाठी पीव्हीसीही करून पाहिली. इतकी कडक की १२ व्होल्टची मोटर कण्हून थांबली. शेवटी फार्मेड बीपीटी नावाची, खास अशा पंपांसाठीची नळी घेतली, मळकट पांढरी, आतलं दिसत नाही. सिलिकॉनपेक्षा महाग आणि मोटरला जड, पण रोलरखाली कितीतरी जास्त टिकते. घेताना कॅलिपर सोबत नेला होता.

एक सुधारणा मात्र मनासारखी झाली. आधी दाट द्रावण रोज २ मिली सोडायचो, म्हणजे जेमतेम अडीच सेकंद. माझा पंप एका फेऱ्यात अर्धा मिली देतो आणि रोलर तीन, म्हणजे दोन रोलरमधला एक घोट सुमारे ०.१७ मिलीचा. थांबताना एक घोट पुढेमागे झाला की ८ टक्के फरक. द्रावण पाचपट पातळ करून १० मिली सोडलं की तीच चूक पावणेदोन टक्क्यांच्या आत येते. टोकाशी खतातल्या पोटॅशियम नायट्रेटचे खडेही धरत नाहीत.

फार्मेडच्या नळीचे १० सेकंद सोनाराच्या छोट्या काट्यावर तीनदा तोलले: ८.१, ८.१, ८.० ग्रॅम. लोहाच्या खताला वेगळं हेड, म्हणजे रोलर-नळीचा दुसरा संच, लागणार; फॉस्फेटसोबत एका बाटलीत ठेवलं तर साका बसतो. ते हेड अजून डब्यातच आहे.