आमची वाटचाल : पोस्टातले पाचशे रुपये

केबलचं लायसन्स पोस्टात काढतात, हे आजही कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो. पण खरंच तसं होतं. १९९५ चा केबल कायदा आला आणि हेड पोस्टमास्तर आमचे नोंदणी अधिकारी झाले. फॉर्म भरायचा, पाचशे रुपये भरायचे, वर्षभराचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि पुढच्या वर्षी परत त्याच खिडकीवर. एका बाजूला मनीऑर्डरवाले, दुसऱ्या बाजूला रजिस्टरवाले आणि मधे आम्ही, उपग्रहावरून चित्रं आणणारे. चिपळूणच्या पोस्टातल्या त्या रांगेत मी वीसेक वर्षं उभा राहिलोय.

धंद्याची सुरुवात मात्र कायद्याच्या आधीची. वडिलांचं बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. १९९२ साली मी आणि धाकट्या भावानं दुकानावरच्या खोलीत एक व्हीसीआर आणि एक मॉड्युलेटर (चित्र केबलच्या एका चॅनलवर चढवणारा डबा) ठेवला आणि शेजारच्या दोन बिल्डिंगना वायर ओढली. महिन्याला पन्नास रुपये. दिवसाला दोन पिक्चर, दुपारचा मराठी, रात्रीचा हिंदी. कॅसेट अडकली की सगळ्या गल्लीचे फोन. मग कर्ज काढून बारा फुटी डिश घेतली. ती गच्चीवर चढवायला दहा माणसं लागली आणि वडील खाली उभे राहून एवढंच म्हणाले, "पावसात टिकेल काय रे ही?" आमचा पाऊस कसा असतो ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. डिश टिकली. वायरी मात्र कधीच टिकल्या नाहीत. फणसाच्या फांद्या पडायच्या, वानरं झोके घ्यायची, आणि सोसायटीतले काका रंगकामाच्या वेळी "ही कुणाची?" म्हणून सरळ कापून टाकायचे.

गावाचं चॅनल सुरू झालं ते काही ठरवून नाही. एक मॉड्युलेटर मोकळा होता. लग्नाच्या शूटिंगचा एक कॅमेरा आम्ही सेकंडहँड घेतला होता. पहिल्या वर्षी गणपती विसर्जन दाखवलं, शिमग्याला पालखी दाखवली. मग शाळांची गॅदरिंगं, कबड्डी, एखादं कीर्तन. संध्याकाळी एका पुठ्ठ्यावर मार्करनं लिहायचं : उद्या अमक्या भागात पाणी सकाळी सहा ते सात. तो पुठ्ठा स्टुलावर उभा करून कॅमेरा समोर ठेवून द्यायचा, पंधरा मिनिटं. कॅमेऱ्यात दिसतोय म्हणून अक्षर नीट काढायची सवय मला तेव्हा लागली. एकदा पुठ्ठा बदलायला विसरलो आणि कालचीच वेळ दिसत राहिली. सकाळी सात वाजता एक काकू रिकामी कळशी घेऊन थेट दुकानात : "केबलवाले, तुमच्या टीव्हीवर पाणी आलं, माझ्या नळाला कुठंय?" त्या दिवसापासून पुठ्ठ्यावर तारीख सगळ्यात वर, ठळक.

आता सरकारबद्दल. आमच्यावर नजर ठेवणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. पोस्ट तर झालंच. करमणूक कर तहसीलमधून. महापालिकेला वेगळा दर, नगरपालिकेला वेगळा, खेड्यांना वेगळा, आणि दर कनेक्शनमागं. दर महिन्याला कनेक्शनचा आकडा लिहून द्यायचा. या धंद्यात कुणीच पूर्ण आकडा लिहीत नव्हतं आणि आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नव्हतो, हे इथं लिहून टाकतो. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि तो हिशेब कायमचा मिटला. खांब विजेचे, रस्ते नगरपालिकेचे, त्यांच्या परवानग्या निराळ्या. दूरदर्शनचे चॅनल दाखवायचेच, तेही प्राइम बँडवर, म्हणजे जुन्या टीव्हीलाही स्वच्छ दिसतील असे, हा नियम कलम ८ मध्ये आहे. जप्तीचे अधिकार जिल्हाधिकारी आणि प्रांतांकडे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड. कैदेचा भाग २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं गेला, पण तोवर आमची आई ते वाक्य आठवून दर वर्षी एकदा तरी विचारायची, "बाबा, काही भलतंसलतं लावत नाहीयेस ना?"

२००८ साली केंद्रानं जिल्हा सनियंत्रण समित्यांचा सुधारित आदेश काढला. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत पोलीस अधीक्षक, जिल्हा माहिती अधिकारी सदस्य सचिव, शिवाय एखाद्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या, बालकांसाठी आणि महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी, एखादे मानसशास्त्राचे किंवा समाजशास्त्राचे जाणकार. कागदावर मला ही समिती तेव्हाही आवडली होती, आजही आवडते. चार वेगळ्या डोळ्यांची माणसं एका टेबलाशी बसून गावाच्या टीव्हीबद्दल बोलणार, यात वाईट काय? फक्त तिच्या कामाच्या यादीत तक्रारी आहेत, आक्षेपार्ह दृश्यं आहेत, कायदा-सुव्यवस्था आहे. गावाला स्वतःसाठी काय बघायचंय, हा प्रश्न त्या यादीत नाही. इतक्या वर्षांत आम्हाला अनेकांनी विचारलं, हे का दाखवलंत? हे का दाखवत नाही, असं विचारलं ते फक्त नळाच्या वेळेबद्दल.

आमचीही चूक झालीच. २०१४ ची विधानसभा. निवडणुकीत राजकीय जाहिरात केबलवर लावायची तर आधी माध्यम प्रमाणीकरण समितीकडून प्रमाणपत्र लागतं. सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या आदेशापासून ही पद्धत आहे. अर्जासोबत जाहिरातीच्या दोन प्रती आणि संहिता द्यायची. हे मला पाठ होतं. पण एका कार्यकर्त्यानं वाढदिवसाच्या शुभेच्छांची पट्टी आणून दिली, पाचशे रुपये दिले, आणि आमच्या पोऱ्यानं ती चालवली. पट्टीत फुलांच्या शेजारी पक्षाचं चिन्ह होतं. दोन तासांत फोन. चॅनल बघायला ज्या कर्मचाऱ्याची नेमणूक होती, त्याच्या समोरचं कनेक्शन आमचंच होतं. नोटीस आली, लेखी उत्तर दिलं, पट्टी तर तेव्हाच काढली होती. त्या एका पट्टीचा खर्च वकिलासकट पाच हजारांच्या वर गेला. चूक आमची होती, नियमाचा काही दोष नव्हता. छोट्या गावात एक पट्टी मतावर किती परिणाम करते, हे मी दुकानात बसून रोज बघतोच.

मोठा घाव मात्र डिजिटलचा. जुनं ॲनालॉग बंद करून डिजिटल व्हायची आमच्यासारख्या शहरांची मुदत कागदावर ३१ डिसेंबर २०१५ होती. कोर्टकचेऱ्या होत होत २०१७ उजाडलं. घराघरात सेट-टॉप बॉक्स बसले, आमचं हेडएंड, म्हणजे डिशवरचं चित्र घेऊन वायरींवर सोडणारी यंत्रणा, बंद झालं, आणि सिग्नल लांबच्या शहरातून एमएसओच्या, म्हणजे आमच्यासारख्या अनेक केबलवाल्यांना सिग्नल देणाऱ्या मोठ्या पुरवठादाराच्या, फायबरवर यायला लागला. चित्र सुंदर झालं, यात वाद नाही. पण गावाचं चॅनल कुठं बसणार? पूर्वी मॉड्युलेटर मोकळा असला की झालं. आता प्रत्येक चॅनलला एमएसओच्या यादीत जागा लागते, आणि ज्या एमएसओशी आम्ही जोडलो होतो त्यांनी त्या जागेचं महिन्याचं भाडं सांगितलं. तेवढी जाहिरात आम्हाला वर्षात मिळत नव्हती. आठ महिने चॅनल बंद राहिलं. शेवटी इतर दोन तालुक्यांतल्या केबलवाल्यांबरोबर मिळून एक सामायिक जागा घेतली, सकाळी त्यांची, संध्याकाळी आमची.

पाठोपाठ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर. शंभर चॅनलपर्यंत १३० रुपये, करासकट १५३ रुपये ४० पैसे, वर पे चॅनलचे वेगळे. या १३० च्या नेटवर्क शुल्काची वाटणी वेगळी ठरली नाही तर एमएसओ ५५, आम्ही ४५. लोक दुकानात येऊन यादीवर खुणा करत बसायचे. आजी विचारायच्या, "आणि आपलं गावचं कितीला?" मी म्हणायचो, ते फुकट. मग त्या सगळ्यात आधी त्याच्यावर खूण करायच्या.

याच सुमारास एका जुन्या ग्राहकाचे जावई अमेरिकेतून आले होते, मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावात राहणारे. दुकानात बसून त्यांनी तिथली पद्धत सांगितली. तिथं केबल कंपनीला परवाना गावच देतं. रस्ते गावाचे, म्हणून कंपनीच्या केबल उत्पन्नातून पाच टक्क्यांपर्यंत रक्कम गाव मागू शकतं, शिवाय लोकांसाठी, शाळांसाठी आणि गावकारभारासाठी चॅनल मागू शकतं. १९८४ च्या कायद्यापासून हे चाललंय. गावातली एखादी संस्था ते चॅनल चालवते, कुणीही रहिवासी जाऊन कॅमेरा शिकतो, गावसभा पूर्ण दाखवतात, तीन तास झाली तर तीन तास. जावई हसत म्हणाले, "बघत कुणी नाही हो, पण बंद केलं तर भांडतील." आता लोक केबल सोडतायत आणि त्या पाच टक्क्यांची रक्कम तिथंही आटत चाललीय, हेही त्यांनी सांगितलं. मी मात्र त्या रात्री भावाला म्हटलं, आपण पंचवीस वर्षं जे खिशातून करतोय, त्याचं तिथं बजेट असतं!

पुराबद्दल लिहिल्याशिवाय चिपळूणच्या कुठल्याच दुकानाची वाटचाल पुरी होत नाही. २६ जुलै २००५ ला पाणी आलं तेव्हा निम्मे ॲम्प्लिफायर गेले, हेडएंड वरच्या खोलीत म्हणून वाचलं. वीज परत आल्यावर दहा दिवस आमच्या चॅनलवर दुसरं काही नव्हतं : टँकर कुठं, औषधं कुठं, कुणाची म्हैस कुठल्या आवारात बांधून ठेवलीय. २२ जुलै २०२१ ला मात्र तळमजला पूर्ण गेला. पावतीपुस्तकं, बॉक्सचा साठा, नवी फायबरची मशीन, सगळ्यात चिखल. पाणी चढत असताना लोकांना खबर देणारं चॅनल आपल्याकडं आहे, असं मी इतकी वर्षं अभिमानानं सांगत आलो होतो. त्या रात्री वीज नव्हती, मोबाईलही धड लागत नव्हते, आणि आमचं चॅनल अंधारातल्या बंद टीव्हीत होतं. तेव्हापासून तो अभिमान जरा जपून सांगतो. साफसफाई संपल्यावर निम्म्या ग्राहकांनी केबल परत जोडलीच नाही. इंटरनेट मागितलं. ते आम्ही देतो आणि आज दुकान त्यावरच चाललंय.

चॅनल अजून आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं एमएसओंच्या अशा चॅनलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. चॅनलमागं हजार रुपयांची एकदाच नोंदणी, एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही, पडद्यावर हे प्लॅटफॉर्म सर्व्हिस (एमएसओचं स्वतःचं चॅनल) आहे असं लिहायचं, ९० दिवसांचं रेकॉर्डिंग जपायचं, स्थानिक बातम्या द्यायच्या तर एमएसओ ही कंपनी असली पाहिजे. नियम वाचून आधी मी कुरकुरलो. पण नव्वद दिवसांच्या रेकॉर्डिंगनं एक गंमत केली. पूर्वीचं सगळं आम्ही कॅसेटवर कॅसेट चढवून पुसत गेलो, पहिली पालखीसुद्धा. आता पुसण्याआधी भाऊ एकदा बघतो आणि बरंचसं वेगळं काढून ठेवतो. शिमग्याची तीन वर्षं जमलीत.

जानेवारी २०२५ पासून केबलवाल्याची नोंदणी ऑनलाइन झाली. पाच वर्षांसाठी पाच हजार, म्हणजे वर्षाला हजार, पोस्टातल्या पाचशेच्या दुप्पट. दिल्लीच्या पोर्टलवर मुलीनंच फॉर्म भरला, मी नुसता ओटीपी सांगितला. पोस्टात आता स्पीड पोस्टच्या कामापुरता जातो. परवा खिडकीवरच्या जुन्या क्लार्कनी विचारलं, "काय केबलवाले, यंदा फॉर्म नाही?" मी म्हटलं, नाही हो, दिल्लीत गेलो. ते म्हणाले, "बरं, मग आमच्या आळीत उद्या पाणी किती वाजता ते सांगा."

सहा ते सात. पुठ्ठा आता कॉम्प्युटरवर असतो, तारीख अजून वरच आहे.