तीन वार

आबांना रोझ बोल या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला न्यायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणालाच ते पटलं नव्हतं. वय ७४, डावा गुडघा दुखरा, आणि नोव्हेंबरात कोल्हापूरहून मिशिगनला आल्यापासून थंडीमुळे घरात अडकलेले. पण नातू ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकतोय, त्याच्या विद्यापीठाची टीम १ जानेवारी २०२४ ला कॅलिफोर्नियात अलाबामाशी भिडणार, आणि आबा कोल्हापूरचे. महाद्वार रोडवरच्या कापड दुकानात त्यांनी चाळीस वर्षं कापड मोजलं, पण पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा फुटबॉलचा सामना असला की मालकाला सांगून शाहू स्टेडियम गाठायचेच. अशा माणसाला टीव्हीसमोर बसवून आम्ही दोघं जाणार, हे मला जमणारं नव्हतं.

इथला कॉलेज फुटबॉलचा मोसम संपला की डिसेंबर-जानेवारीत जे खास सामने होतात, त्यांना बोल म्हणतात. रोझ बोल त्यातला सगळ्यात जुना. पहिला १९०२ साली झाला आणि त्यात मिशिगननेच स्टॅनफर्डला ४९-० असं हरवलं होतं. या वेळचा सामना राष्ट्रीय अजिंक्यपदाची उपांत्य फेरी होता. चारच संघ घ्यायचे होते. ३ डिसेंबरला समितीने नावं जाहीर केली, मिशिगन पहिलं, अलाबामा चौथं. एकही सामना न हरलेली फ्लोरिडा स्टेट बाहेर राहिली. ते मला आजही पटत नाही. चिरंजीवांना मात्र वेगळाच घोर होता. आधीच्या दोन्ही वर्षी मिशिगन याच फेरीत हरलं होतं, एकदा जॉर्जियाकडून, एकदा टीसीयूकडून, म्हणजे टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाकडून.

तिकिटं आम्ही दुसऱ्यांनी विकायला काढलेली घेतली, एका ॲपवरून. पैसे लगेच कापले गेले, पण तिकिटं काही येईनात. विमान २९ तारखेचं. आम्ही पॅसाडेनाजवळ मनरोव्हियात हॉटेलवर पोचलो तरी फोनवर ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच दिसत होतं. दोन दिवस मी आबांना काही बोललो नाही. ३० तारखेच्या रात्री तिन्ही तिकिटं आली, तेव्हा कुठे नीट झोप लागली. कुणी जाणार असेल तर दोन गोष्टी सांगतो. तिकिटं आली की लगेच फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा, कारण स्टेडियमबाहेर एवढ्या गर्दीत नेटवर्क मिळेलच असं नाही, आणि नुसता स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही. दुसरं म्हणजे पिशवी पारदर्शकच लागते, बारा बाय सहा बाय बारा इंचांच्या आतली. आबांची नेहमीची कापडी पिशवी हॉटेलवर ठेवावी लागली. औषधांच्या गोळ्या, कानटोपी, मफलर, चष्म्याचं घर, सगळं त्या प्लॅस्टिकमधून आरपार दिसत होतं आणि आबांना ते अजिबात आवडलं नाही. “माणसाचं सगळं उघड्यावर आणलंत,” म्हणाले.

सकाळची फुलांच्या चित्ररथांची परेड आम्ही हॉटेलातच टीव्हीवर पाहिली. गुडघ्याचा जोर सामन्यासाठी राखून ठेवायचा होता. मग मेट्रोने मेमोरियल पार्क स्टेशन आणि तिथून पुढे शटल बसची रांग. तासभर उभं राहावं लागलं. खरं तर आबांसाठी फोल्डिंग स्टूल घ्यायला हवं होतं, पण ते आत नेऊ देतील का या शंकेने घेतलं नाही. रांगेतल्या लोकांनीच त्यांना एका कठड्यावर बसायला जागा करून दिली. निळ्या-पिवळ्या स्वेटरवाले आणि गडद लाल स्वेटरवाले एकाच रांगेत, एकाच बसमध्ये. आबांना त्याचं फार नवल वाटलं. “आमच्याकडं पाटाकडीलवाला आनि खंडोबावाला असे मांडीला मांडी लावून बसले तर पोलिसांची गरजच नाय,” ते म्हणाले.

रोझ बोल स्टेडियम १९२२ साली उभं राहिलं, अरोयो सेको नावाच्या कोरड्या ओढ्याच्या खोलगट जागेत. बाहेरून ते फारसं उंच दिसत नाही, कारण खालचा भाग जमिनीतच उतरलेला आहे. आत जायचे बोगदे अरुंद आहेत. आबांचा दंड मी धरलेला, पुढे नातू, मागून माणसांचा रेटा. बोगदा संपला आणि एकदम उजेड. खाली हिरवंगार मैदान, चारी बाजूंनी माणसांची गोल उतरण, पलीकडे सॅन गेब्रियलचे डोंगर. आबा तिथेच थांबले.

“खासबाग,” एवढंच म्हणाले.

शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं कुस्तीचं मैदान असंच आहे, मधे हौदा आणि भोवती चढत गेलेली माणसं, कुठेही बसा, कुस्ती दिसतेच. त्यांच्या तोंडून ते नाव आलं तेव्हा वाटलं, आता काही समजावून सांगायची गरज नाही.

तरी गरज पडलीच. आमची जागा नेमकी अलाबामावाल्यांमध्ये आली होती. शेजारी एक वयस्क जोडपं होतं. त्यातल्या गृहस्थांनी पायऱ्या उतरताना आबांचा दुसरा हात धरला आणि सामना संपेपर्यंत त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. सामना दोनच्या सुमारास सुरू झाला. दहा मिनिटांत आबांनी विचारलं, “लेका, फुटबॉल म्हंता, मग पाय कुठाय ह्यात?” नातू सांगायला लागला, “आजोबा, चार संधी मिळतात, तेवढ्यात दहा यार्ड पुढं जायचं.”

“यार्ड म्हंजे वार.”

“हो.”

“म्हंजे एका नऊवारीपेक्षा एक वार जास्त. चार हिसक्यांत.”

त्यानंतर त्यांना काही विचारावं लागलं नाही. कडेला केशरी खांब आणि दहा वारांची साखळी घेऊन माणसं उभी असतात. आबांची नजर चेंडूइतकीच त्या साखळीवर. चेंडू कुठे टेकला, ते पंचांच्या आधी अंदाजाने सांगायचे, “साडेतीन वार राह्यले.” चाळीस वर्षांचा हात तो.

पायाचा खेळही शेवटी दिसलाच, आणि तो मिशिगनलाच भोवला. सुरुवातीला अलाबामाने लाथेने उंच मारलेला चेंडू मिशिगनच्या हातून निसटला आणि त्यातून अलाबामाने पहिला टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार नेऊन सहा गुण घेतले. मिशिगनने दोन टचडाउन करून ते फेडलं, पण दुसऱ्यानंतरचा साधा एक गुणाचा किक नीट मारताच आला नाही. मध्यंतराला १३-१०. पाच वाजायच्या आत सूर्य गेला, डोंगर गुलाबी झाले आणि थंडी पडली. कानटोपी निघाली. चौथ्या क्वार्टरमध्ये अलाबामा पुढे गेलं, मिशिगनचा फील्ड गोल, म्हणजे लाथेने दोन खांबांमधून चेंडू मारून तीन गुण घ्यायचा प्रयत्न, हुकला, आणि मग अलाबामाच्या विल रायकर्डने ५२ वारांवरून चेंडू दोन खांबांमधून सरळ पार केला. २०-१३. आबांनी टाळ्या वाजवल्या. नातू त्यांच्याकडे बघतच राहिला, पण ते म्हणाले, “चांगली किक ती चांगली किक, कुनाची का असंना.”

शेवटच्या चार मिनिटांत मिशिगनची चौथी संधी आली, हवे होते दोन वार. चुकलं असतं तर जवळपास सगळं संपलं होतं. जे. जे. मॅकार्थीने ब्लेक कोरमला पास दिला आणि तो २७ वार पळाला. थोड्या वेळाने रोमन विल्सनचा टचडाउन, २०-२०, घड्याळात १ मिनिट ३४ सेकंद उरलेले. नातवाने माझा खांदा इतका दाबला की दुसऱ्या दिवशी वळ होता. त्यानंतरही किकवर पुन्हा एकदा चेंडू हातून निसटला, आपल्याच गोललाइनला लागून, आणि कसाबसा सावरला. तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

जादा वेळेत प्रत्येकाला २५ वारांवरून एकेक पाळी. कोरमने दोन धावांत काम केलं, २७-२०. मग अलाबामा. शेवटी चौथी संधी, तीन वार. समोरच्या टोकाला खेळ चालला होता. शेजारच्या गृहस्थांनी टोपी काढून हातात घेतली. आबा गुडघा विसरून उभे. जेलेन मिलरो चेंडू घेऊन मधूनच घुसला आणि निळ्या शर्टांच्या ढिगात अडकला.

आमच्या भोवती क्षणभर चिडीचूप. नातू ओरडायला लागला, मग शेजाऱ्यांकडे बघून आवाज आवरला. त्या गृहस्थांनी टोपी डोक्यावर घातली आणि आधी आबांचा हात हातात घेतला, मग नातवाचा. नऊ दिवसांनी त्यांचे प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाल्याची बातमी आली, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचाच चेहरा आठवला. रोझ बोल हा सेबन यांचा शेवटचा सामना ठरला.

परतीच्या शटलची रांग जातानाच्या दुप्पट होती. अंधारात, गारठ्यात आबा माझा हात धरून उभे होते, पण तक्रार नाही. कोल्हापुरात तेव्हा दुसऱ्या दिवशीची सकाळ झालेली. आईला फोन लावून दिला.

“जिंकलो,” आबा म्हणाले. “न्हाई, गोल-बिल तसलं काय नसतंय हितं.” मग पलीकडून तिने कितीने असं विचारलं असावं.

“तीन वार राह्यलेले त्यांचे.”