जळगावचा रथ आणि सारंगखेड्याचे घोडे: तिथी धरून केलेले दोन प्रवास

कार्तिक शुद्ध नवमीला दुपारी आई, माझा चौदा वर्षांचा भाचा आणि मी धुळ्याहून एसटीने निघालो आणि पारोळा, एरंडोल मागे टाकत चारच्या सुमारास जळगावच्या स्थानकावर उतरलो. अंतर जेमतेम नव्वद किलोमीटरचे, तरी जळगावचा श्रीराम रथ मी आजवर पाहिलेला नव्हता. आई लग्नाआधी जुन्या जळगावात राहिलेली असल्यामुळे रथाचे वर्णन मात्र घरात दरवर्षी होत असे, आणि ‘एकदा मला पुन्हा तिथे उभे कर’ हे तिचे मागणे मी अनेक वर्षे पुढे ढकलले, याची खंत मला आहे.

रथ निघतो कार्तिकी एकादशीला. ही तिथी कधी ऑक्टोबरच्या अखेरीस येते, तर कधी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेवरून यंदाची रजा ठरवू नये. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या लागोपाठ आल्या, तर रथ कोणत्या दिवशी आहे याची श्रीराम मंदिर संस्थानाकडे किंवा जळगावातल्या ओळखीच्या माणसाकडे खात्री करून मगच तिकिटे काढावीत. मुंबई, नाशिक आणि नागपूर या तिन्ही बाजूंनी येणाऱ्यांना जळगाव रेल्वेस्थानक सोयीचे आहे. स्थानकावरून जुने जळगाव रिक्षाने थोड्याच वेळात येते. एखादी गाडी जळगावला थांबत नसेल, तर भुसावळला उतरून मागे यावे.

मुक्कामाच्या बाबतीत आमची फसगत झाली. फोनवर ठरवलेली खोली आम्ही पोहोचण्याआधीच दुसऱ्याला देण्यात आली होती आणि सत्तरी ओलांडलेल्या आईला तासभर सामानाजवळ बसवून मला दुसरी जागा शोधावी लागली. रथाची गर्दी हे त्याचे अर्धेच कारण होते. कार्तिकी एकादशीनंतर तुळशीची लग्ने लागतात आणि त्यामागोमाग माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात, त्यामुळे याच दिवसांत वऱ्हाडासाठी खोल्या आधीच धरलेल्या असतात. आगाऊ रक्कम भरून तिची पावती हातात असल्याशिवाय घरून निघू नये, आणि जागा शक्यतो जुन्या जळगावापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर घ्यावी, कारण रथाच्या दिवशी त्या भागात वाहनांना वाट मिळत नाही.

बाहेरगावचे बहुतेक लोक एकादशीलाच येतात आणि रात्री परततात. माझा आग्रह असा की निदान दोन दिवस आधी यावे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज संध्याकाळी मंदिरातून एक वहन, म्हणजे देवाचे सजवलेले वाहन, निघते. कधी घोडा, कधी हत्ती, सिंह, सरस्वती, चंद्र, सूर्य, गरुड किंवा मारुती, असे त्याचे रूप पालटत जाते. वहन ठरलेल्या घरांपाशी थांबते, भजन होते, पानसुपारी होते आणि ते पुढे सरकते. नवमीच्या संध्याकाळी गल्लीत दाटी होती, तरी आईला एका घराच्या ओट्यावर बसायला मिळाले. ‘या मावशी, वर बसा,’ असे म्हणून त्या घरच्या सुनेने सतरंजी टाकली आणि आईचे माहेर कोणत्या वाड्यातले होते ते कळल्यावर घरातल्या आजींना बाहेर बोलावून आणले. त्या दोघींच्या बोलण्यात पुढचा तास कसा गेला ते मला कळले नाही. रथाच्या दिवशी अशी भेट होणे अशक्य होते. तेव्हा माणूस रेट्याबरोबर चालतो. भजनी मंडळातले चेहरे, टाळ धरलेली मुले आणि वहनाला खांदा देणारी मंडळी जवळून पाहायची असतील, तर वहनाची संध्याकाळ गाठलीच पाहिजे.

या रथाची परंपरा संत अप्पा महाराजांनी 1872 मध्ये सुरू केली. याच संस्थानाची मुक्ताबाई-राम पालखी आषाढीसाठी जळगावहून पंढरपूरला पायी जाते, तेव्हा येथे कार्तिकात रथ आणि आषाढात पालखी असा क्रम चालतो. एकादशीला सकाळी पूजा-आरती होते आणि दुपारच्या सुमारास लाकडी रथ झेंडूच्या माळा व केळीचे खांब लेवून मंदिरापासून हलतो. तेली चौक, सराफ बाजार, भिलपुरा, बालाजी मंदिर असा जुन्या गावातून फिरून तो रथ चौकात परततो, तेव्हा रात्र बरीच झालेली असते.

माझी नजर सुरुवातीला रथाच्या कळसावर होती. शेजारी उभे असलेले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, ‘भाऊ, वर काय पाहता, चाकाकडे पाहा.’ त्यांचे म्हणणे मानले आणि मला रथ खऱ्या अर्थाने दिसला. दोरावर शेकडो हात असतात, पण रथ कुठे वळायचा आणि कुठे थांबायचा हे मोगरी लावणारे ठरवतात. मोगरी म्हणजे लाकडाचा मोठा ठोकळा. धावत्या चाकाखाली ती नेमक्या क्षणी आणि नेमक्या बाजूला सरकवली की रथाचे तोंड फिरते किंवा रथ जागच्या जागी थांबतो. अरुंद गल्लीत, दोन्हीकडे माणसे भिंतीला चिकटलेली असताना, हे काम क्षणाच्या हिशेबाने चालते. ते करणाऱ्यांच्या कौशल्याला जोड नाही, आणि भाच्याने तर पुढचे दोन दिवस दुसऱ्या कशाविषयी बोलणेच केले नाही. म्हणूनच एक गोष्ट कळकळीने सांगतो: चाकाजवळ आणि दोराच्या आतल्या बाजूला मुलांना जाऊ देऊ नका, आणि छायाचित्रासाठी रथासमोर थांबू नका. मोगरीवाल्यांना समोरची वाट मोकळी दिसली पाहिजे.

रथामागे चालत राहण्यापेक्षा एक जागा धरून उभे राहणे चांगले. भिलपुऱ्याची जागा मला सर्वांत मोलाची वाटली. तेथे संत लालशा बाबांची समाधी आहे. रथ तेथे थांबतो, समाधीवर फुलांची चादर अर्पण होते आणि मुस्लिम बांधव रथाचे स्वागत करतात. आईने लहानपणी पाहिलेले ते दृश्य मला शब्दाशब्दाने सांगितले होते, आणि ते तसेच समोर घडताना तिने माझा हात घट्ट धरून ठेवला. वृद्धांना घेऊन येणाऱ्यांनी मात्र रथ पोहोचण्याच्या तासभर आधीच ओटा किंवा पायरी पाहून ठेवावी, पाण्याची बाटली जवळ ठेवावी आणि चुकामूक झाल्यास कुठे भेटायचे ते ठरवावे, कारण त्या गर्दीत मोबाइलवरचे बोलणे ऐकू येत नाही.

एकादशी असल्यामुळे त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी सहज मिळतात. जळगावला येऊन भरीत खायचे असा बेत करणाऱ्यांनी तिथीचा आणखी एक हिशेब लक्षात घ्यावा. अनेक घरांत चातुर्मासात वांगे वर्ज्य असते आणि चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच ते पानात येते. हॉटेलांत भरीत आधीही मिळते, परंतु काटक्यांवर भाजलेल्या हिरव्या-पांढऱ्या वांग्यांचे, हिरव्या मिरचीचे आणि कांद्याच्या पातीचे भरीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुरीबरोबर शेतात बसून खायचे असेल, तर चंपाषष्ठीनंतरच यावे.

आमचा दुसरा प्रवास त्याच सुमारास झाला. चंपाषष्ठीनंतर नवव्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती येते आणि सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. दोंडाईच्याहून शहाद्याच्या रस्त्याला लागून तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा येते; रेल्वेने येणाऱ्यांनी सुरत-भुसावळ मार्गावरच्या दोंडाईच्याला उतरावे. घोड्यांच्या बाजारासाठी ही यात्रा दूरवर ओळखली जाते, आणि अलीकडे तिला जोडून होणाऱ्या चेतक महोत्सवात घोड्यांच्या शर्यती, नृत्य आणि देखणेपणाच्या स्पर्धाही असतात.

स्पर्धांना बसायला जागा मिळाली नाही, याचे मला दुःख नाही. बाजारातच दिवस अपुरा पडला. मारवाडी, काठियावाडी आणि पंजाबी घोडे रांगेने बांधलेले होते; गिऱ्हाईक येई, दात पाहून वय ठरवी, खूर उचलून पाही, गळ्याजवळ देवमणाचा, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा, भोवरा आहे का ते बोटाने चाचपी आणि मग घोडा चालवून दाखवायला सांगे. घोड्याची रवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणारी, चाल कशी असते, हे भाच्याला एका व्यापाऱ्याने स्वतः घोड्यावर बसून, पाणी भरलेला पेला हातात धरून दाखवले. परवानगीशिवाय घोड्याला हात लावू नये आणि त्याच्या मागून कधीही जाऊ नये, एवढे पथ्य मुलांना आधीच समजावून द्यावे. नदीकाठचा धुरळा फार असतो. दमा असलेल्यांनी तोंडाला रुमाल बांधावा. पौर्णिमेच्या दिवशी दर्शनाची रांग लांबते, म्हणून दर्शन आणि बाजार दोन्ही साधायचे असेल, तर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी जाणे सोयीचे, कारण बाजार पुढेही काही दिवस चालतो.

ज्यांना या दोन्ही तिथी जमणार नाहीत, त्यांच्यासाठी वर्षभरात इतरही निमित्ते आहेत. जानेवारीच्या सुरुवातीला जळगावात बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. बालगंधर्वांनी, म्हणजे नारायणराव राजहंसांनी, लहानपणी याच गावात मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले होते, त्यामुळे येथे त्यांच्या नावाने गाणे ऐकण्याला वेगळा अर्थ आहे. धावणाऱ्यांसाठी हिवाळ्यात ‘खान्देश रन’ असते आणि तिच्यात 21 किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनबरोबर कमी अंतराच्या धावाही असतात. तिची नोंदणी आधी करावी लागते. वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तिचा रथ एकादशीला आणि पालखी पौर्णिमेला निघते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवसांत अनेक गावांत भगत एकमेकींना जोडलेल्या बारा बैलगाड्या ओढतो, पण त्या वेळचे ऊन पाहुण्यांना सोसेलच असे नाही. संध्याकाळ धरूनच बाहेर पडावे.

सारंगखेड्याहून परतताना शेवटच्या बसची वेळ आम्ही उतरल्या-उतरल्या विचारून ठेवली होती, म्हणून अंधार पडण्याआधी थांब्यावर पोहोचलो. यात्रेच्या जादा गाड्या भरल्या की सुटतात आणि दिवस मावळल्यावर जागा मिळणे कठीण होते. भाच्याला एका शिंगराजवळून हलवायला मात्र तीनदा हाक मारावी लागली.