‘कोणीही लॉगिन नाही’

महिन्याची 30 तारीख, दुपारचे अडीच. ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात जेवणानंतरची पेंग, बाहेर मुसळधार. रिपोर्टिंगच्या लिनक्स सर्व्हरवर कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, पॅच टाकून झाला होता, रीबूट तेवढा राहिला होता. महिनाअखेरीला त्या सर्व्हरला हात लावायचा नसतो हे मला माहीत होतं. पण सिक्युरिटीवाल्यांनी दिलेली मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, आणि काम तर दोन मिनिटांचं.

पूर्वी मी स्वतः आत शिरून बघायचो. आता आमच्याकडे एआय एजंट आहे. मराठीत विचारलं तरी तो एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनशी जोडणाऱ्या सुरक्षित वाटेने, सर्व्हरवर जातो, कमांड चालवतो आणि उत्तर आणून देतो. काही बदलायची परवानगी त्याला नाही, फक्त बघायची. मी विचारलं, "यावर आत्ता कोण लॉगिन आहे?" उत्तर आलं, "सध्या कोणीही लॉगिन नाही." मारला रीबूट.

पाचेक मिनिटांत अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. "अहो, तुम्ही काही केलंत का? सकाळपासून चाललेला रिपोर्ट पडला माझा."

"तुम्ही त्या सर्व्हरवर होतात का?"

"मला काय माहीत सर्व्हर-बिर्व्हर! मी तो डेस्कटॉपवरचा आयकॉन दाबते, बस."

तो आयकॉन आमच्या जुन्या डेटाबेसवाल्याने करून दिलेला. तो नोकरी सोडून गेला, आयकॉन राहिला. त्यामागे एसएसएचचा टनेल होता: शेल नाही, टर्मिनल नाही, म्हणजे कमांड टाइप करायची सोयच नाही; या सर्व्हरमधून पलीकडच्या डेटाबेसच्या 5432 पोर्टपर्यंत, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारापर्यंत, नुसती वाट.

मग एजंटच्या उत्तराखालची करड्या अक्षरांतली ओळ उघडली. त्याने ‘हू’ ही, कोण लॉगिन आहे ते सांगणारी, कमांड चालवली होती. ती ज्या नोंदवहीतून वाचते, तिच्यात सर्व्हरने टर्मिनल दिलेल्यांचीच नावं असतात. टनेलला टर्मिनल लागतच नाही. उघडी नेटवर्क कनेक्शन दाखवणारी ‘एसएस’ कमांड चालवली असती तर एसएसएचच्या 22 पोर्टवरचं ते जिवंत कनेक्शन पहिल्या फटक्यात दिसलं असतं. गंमत म्हणजे एजंट स्वतःही त्या क्षणी एसएसएचनेच आत होता, टर्मिनल न घेता, आणि यादीत तोही नव्हता. विचारणाराच यादीत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

लॉगमध्ये टनेलची नोंद सापडली, पण वेळ 04:31. पहाटे साडेचारला अकाउंट्समध्ये कोण? क्षणभर पोटात गोळा आला. मग आठवलं, सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आहे. साडेपाच तास मिळवा, सकाळचे 10:01. मॅडम चहा घेऊन जागेवर येतात ती वेळ.

एजंट चुकला असं मला म्हणता येत नाही. मी ‘लॉगिन’ विचारलं, त्याने लॉगिन सांगितलं. मला विचारायचं होतं ‘जोडलेलं’ कोण आहे. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला हेच विचारलं असतं, तर तो मान वर करून म्हणाला असता, "का, रीबूट मारताय?" एजंटला मी कारण सांगितलंच नव्हतं.

मॅडमच्या टेबलाशी जाऊन माफी मागितली. रिपोर्ट पुन्हा लावला आणि साडेआठपर्यंत दोघंही बसून राहिलो. त्या फार बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी एजंटच्या सूचना बदलल्या: आधी ‘एसएस’, मग प्रत्येक कनेक्शनमागची प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम. दुसऱ्याची प्रोसेस दिसायला रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार लागतात. त्या एका कमांडपुरती मंजुरी मिळायला दोन दिवस गेले, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

आता उलटा त्रास आहे. यादीत भुतंही येतात. कोणी लॉगआउट न करता लॅपटॉप मिटून निघून जातो आणि सर्व्हर त्याची वाट बघत बसतो. लिनक्सची मूळ सेटिंग न बदलल्यास शांत पडलेल्या कनेक्शनला ‘आहेस का?’ असं पहिल्यांदा विचारलं जातं ते 7,200 सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी.

परवा घरी निघालो होतो. ठाण्याची लोकल दिघा गाव सोडत होती, तेवढ्यात मोबाइलवर एजंटचा निरोप: रिपोर्टिंग सर्व्हरवर एक कनेक्शन, चाळीस मिनिटं हालचाल नाही, रीबूटआधी त्या व्यक्तीला विचारावं. खाली युजरचं नाव होतं. माझंच.