घाटीत पेशंट आणताना: वार, युनिट आणि चिठ्ठी

मराठवाड्यात 'घाटीत नेलं' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. महाविद्यालय १९५६ सालचं. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून पेशंट येतात, बुलढाण्याकडूनही येतात. एवढ्या लांबून आलेल्यांची खेप वाया जाते ती बऱ्याचदा वार चुकल्यामुळं.

इथं उपचाराबरोबर शिकवणंही चालतं. त्यामुळं मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग हे मोठे विभाग युनिटांत वाटलेले असतात. युनिटला एक प्रमुख, त्यांच्या हाताखाली बाकीचे प्राध्यापक आणि निवासी डॉक्टर. ओपीडीचा वार ठरलेला, ऑपरेशनचा वारही ठरलेला. पहिल्यांदा ज्या वारी दाखवलं, त्या युनिटचा पेशंट. फेरतपासणीला भलत्याच वारी गेलात तर समोर दुसरं युनिट असतं. आधीच्या डॉक्टरांनी काय ठरवलंय ते त्यांना माहीत नसतं, म्हणून ते परत पाठवतात. केसपेपर हातात पडला की आधी युनिट नंबर बघा, वार विचारून त्यावरच लिहून घ्या. जुना पेपर आणि डिस्चार्ज कार्ड एकाच पिशवीत ठेवा.

तपासण्यांचंही तसंच. उपाशीपोटीच्या साखरेला किमान ८ तास पाण्याशिवाय काही नको. चहा घेतला की तो रिपोर्ट धरता येत नाही. ओटीपोटाच्या सोनोग्राफीला लघवी तुंबवून यावं लागतं. डाय (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून दिलं जाणारं द्रव्य) देऊन सीटी स्कॅन करायचा असेल तर बहुधा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट मागतात, कारण डाय किडनीवाटे बाहेर पडतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार मूळ आणा. दोन्हींवरचं नाव जुळत नसेल तर मंजुरी अडते. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हे फार होतं. भरती झाल्या दिवशीच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात या योजनेचं काम बघणाऱ्याला, भेटा, घरी सोडायच्या दिवशी नको.

आता तातडीचं. सापाचा पेशंट तालुक्याहून पाठवताना चिठ्ठीवर नुसतं 'पुढील उपचारासाठी' लिहिलेलं असलं तर इथल्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून करावं लागतं. किती वाजता चावला, प्रतिविषाच्या किती कुप्या दिल्या आणि कधी, अंगावर गांधी किंवा थंडी आली का, पापण्या जड झाल्यात का, एवढं हवंच. २० मिनिटांच्या रक्तचाचणीचा निकालही हवा. त्यासाठी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि एकदाच तिरपी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. नळी प्लॅस्टिकची असली तर ही चाचणी फसते. नातेवाइकांनी चावलेल्या जागी चीर देऊ नये, आवळून बांधू नये, हातपाय हलू देऊ नये. पोलिसांना कळवण्याचं काम रुग्णालय करतं. त्यापायी उपचार थांबत नाहीत.

शेतातलं विषारी औषध पिलेला पेशंट असेल तर डबा सोबत आणाच. 'फवारणीचं होतं' यावरून काही कळत नाही. ऑर्गनोफॉस्फरस (कीटकनाशकांचा एक गट) असेल तर ॲट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन लागतं. पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर त्यावर उतारा नाही आणि ऑक्सिजनसुद्धा गरज पडली तरच देतात, कारण त्यानं फुप्फुसाची इजा वाढते.